बिनतिकीट

दिवसभर केळी सोळा अंशांत झोपतात
आणि हितेंद्र त्यांच्यावर लक्ष ठेवतो,
सावद्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये, स्वेटर घालून,
मे महिन्यात.
संध्याकाळी फैजपूरला घरी येतो
तेव्हा मनू दारातच त्याच्या शर्टाला गाल लावते.
दोन मिनिटं पुरतो तो गारवा,
मग शर्टही आमच्यातलाच होतो.

"केयीले एसी, अन् आपल्याले?"
मी एप्रिलपासून विचारत होते.
त्याला ते ऐकू आलं सेहेचाळीसच्या आकड्यावर.

भुसावळला रेल्वे क्वार्टरमधले एक गार्ड
रिटायर होऊन मुलाकडे निघाले होते.
कूलर विकायचा होता. लोखंडी. रंग पूर्वी हिरवा असावा.
ते चार हजार म्हणाले, मी अठ्ठावीसशे म्हटलं,
हितेंद्र लाजून बाहेर जाऊन चपला बघत राहिला.
बत्तीसशेला मिटलं. वर एक बादली.
"सुरुवातीला पाच मिनिटं खोकतो," ते म्हणाले,
"मग लागतो लायनीला."
आम्ही निघालो तेव्हा त्यांनी हात वर केला,
हातात झेंडी असावी तसा.

युवराज वारकेचा छोटा हत्ती, तळाशी केळीची सुकी पानं.
वर कूलर, कूलरला धरून मी,
आणि कूलरच्या आत मनू,
कारण तिनं तसं जाहीर केलं होतं.
गवताची जाळी काढलेल्या चौकोनातून
तिचं अर्धं तोंड दिसत होतं.
"मी डब्यात आहे. तू बाहेर."

तापीच्या पुलावरही वारा तव्यावरून आलेला.
खाली नदी एका कडेला सरकून बसलेली.
तिथंच मनू ओरडली,
"मम्मी, अथी कोनीतरी आहे!"
तूच आहेस, मी म्हटलं.
"मी नाही. दुसरं."

टाकीच्या कोपऱ्यात, दोन बोटं गढूळ पाण्यात,
एक बेडूक.
लिंबाएवढा. घसा हलवत.
भुसावळपासून अवाक्षर न काढता.

बामणोदच्या अलीकडे गाडी थांबली.
तिघं मोठी माणसं एका टाकीत वाकून.
सोडू इथंच, हितेंद्र म्हणाला, बागेत ठिबकचा ओलावा आहे.
मनू म्हणाली, "त्याचं स्टेशन नाही आलं."
यावर कुणाकडे मुद्दा नव्हता.
माझ्याकडे होता, पण ऊन फार होतं.

जिन्याच्या वळणावर कूलर अडकला.
ना वर, ना खाली.
गच्चीवरून सुलभाकाकू आल्या, हात बिबड्यांच्या पिठाचे,
"अय माय, तिरपा करा ना त्याले!"
तिरपा केला.
पाणी हितेंद्रच्या पँटवर,
बेडूक पायरीवर,
मनू बेडकामागे,
एकेक पायरी, दोघंही उड्या मारत.

न्हाणीत सापडला, मोरीजवळ.
बादलीत ठेवला. तीच, वर मिळालेली.

रात्री कूलर लावला.
पाच मिनिटं खोकला, घड्याळ लावून.
मग लागला लायनीला.
मनूनं तोंड उघडून वारा खाल्ला, आ करून, पोटभर,
आणि लाईट गेली.

गाद्या घेऊन गच्चीवर.
काकूंच्या साडीवर बिबड्या अजून कोमट,
एक मी खाल्ली, एक हितेंद्रनं, मोजल्या नाहीत.
मनू आडवी होऊन म्हणाली,
"त्या आजोबांना माहीत आहे का, तो आपल्याकडे आहे ते?"

नऊ वाजून गेले होते. तरी हितेंद्रनं फोन लावला,
स्पीकरवर, तिच्यासाठी.
पलीकडे सामान बांधल्याचा आवाज, सेलोटेप फाटल्याचा.
मग काहीच नाही.
मग गार्डबाबा म्हणाले,
"सकाळपासून शोधतोय. मला वाटलं, गेला."
आणि थोड्या वेळानं,
"नळाचं पाणी ताजं नका घालू. रात्रभर भरून ठेवलेलं घाला."

मनू हे ऐकायच्या आधीच झोपली होती,
एक पाय माझ्या पोटावर.

साडेअकराला लाईट आली.
खाली रिकाम्या खोलीत कूलर एकटाच खोकायला लागला.
आता उठून तो बंद कुणी करायचा,
या प्रश्नावर आम्ही दोघांनी
बराच वेळ झोपेचं सोंग घेतलं.